बारा जाकेटांचं सर्विसिंग

“बसा की अजून चौघी. जाकेटं हायत, मग कामून भ्यायल्यात?”

दुकानवाले अप्पा बोलत होते, मामा. तुमच्या दहाव्याची सकाळ होती आणि ते गुडघाभर पाण्यात उभे राहून तुमची नाव धरून होते. नावेत दहा माणसं बसली होती. तुम्ही दहाच्या वर कधी घेतली नाहीत. अकरावा माणूस तलाठी असो नाहीतर पाहुणा, “पुढच्या खेपेला, मालक,” म्हणून तुम्ही हात जोडायचात. अप्पांना घाई होती. पलीकडच्या महादेवाच्या घाटावर गुरुजी येऊन बसले होते आणि दुपारच्या आत पिंड ठेवायचा होता.

“जाकेटं बाराच हायत की हो,” मागून एक बाई म्हणाली.

“मग काय झालं? जिला न्हाई तिनं जाकेटवालीला धरून बसायचं. किसनभाऊनं लेकरावानी जपलीत ती. नव्वी करकरीत हायत.”

बायका हसल्या. मी हसले नाही, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझ्याकडे कुणाचं लक्ष नसावं अशीच मी नेहमी उभी राहते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

वरच्या धरणातून दोन दिवसांपासून पाणी सोडलं होतं. घाटाच्या खालच्या सात पायऱ्या दिसत नव्हत्या. पाण्याचा आवाज मात्र फारसा नव्हता आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती. एखादी बाभळ मुळांसकट यायची आणि कुणी तरी ढकलत नेत असल्यासारखी समोरून निघून जायची. तुम्ही असतात तर त्या दिवशी नाव काढली असती का? मी स्वतःला हे दहा वेळा विचारलं. काढली असती, पण दोन खेपांत, आणि सगळ्यात आधी अप्पांना पाण्यातून बाहेर काढलं असतं.

तुम्ही पाण्यात गेला नाहीत. ओसरीवर चहाची बशी तोंडाला लावली आणि ती खाली ठेवायच्या आत गेलात. आई हे येईल त्याला सांगते, गंगेवर आळ येऊ नये म्हणून सांगते असं मला वाटतं. गोदावरीला आपल्याकडे कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. तुम्ही तर तिला नुसतं ‘ती’ म्हणायचात. “आज ती तापलीय.” “आज तिचा मूड चांगला हाय.” मूड हा तुमच्याजवळचा एकमेव इंग्रजी शब्द, असं मी तुम्हाला एकदा चिडवलं होतं.

“दुसरा बी हाय की,” तुम्ही म्हणाला होतात. “सर्विसिंग.”

तो शब्द मी दिला होता. त्याबद्दलच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

मी सातवीत होते. त्या वर्षीच्या पुरानंतर तालुक्याहून एक गाडी आली आणि आपल्या घाटासाठी बारा जाकेटं ठेवून, सही घेऊन निघून गेली. नारंगी रंग, काळे पट्टे, खांद्याला एकेक शिट्टी. शिट्ट्या आठवड्याभरात गावातल्या पोरांनी पळवल्या. प्रत्येक जाकेटाच्या आतल्या बाजूला एक पांढरी पट्टी शिवलेली होती आणि तिच्यावर बारीक अक्षरात इंग्रजी. पारावर माणसं जमली होती. ते इंग्रजी उलटंसुलटं करून सगळ्यांनी पाहिलं. मग तुम्ही म्हणालात, “थांबा. आमची मॅडम आलीय गंगाखेडाहून. इंग्रजी शाळेत हाय. ती वाचती.”

शाळेत हजेरीलासुद्धा माझा आवाज बाकापर्यंतच पोचायचा. पण तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मी पुढे आले. इंग्रजी घडाघडा वाचलं. वाचणं सोपं होतं, वाचताना कुणाकडे बघावं लागत नाही. कुणी तरी म्हणालं, रेडिओवानी वाचती की. तुम्ही छाती काढून उभे होतात.

“आता मराठीत सांग, माय.”

मराठीत मला ते येत नव्हतं. इंग्रजीत कळत होतं, पण मराठी माझ्याकडे घरापुरती होती, जेवण, कपडे, पाहुणे एवढ्यापुरती. तीसेक माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. पहिली ओळ त्यातल्या त्यात सोपी होती. मी म्हणाले, “दरवर्षी सर्विसिंग करायचं, असं लिहिलंय.” आणि पट्टी हातातून सोडून दिली.

“बास?” तुम्ही विचारलंत. “एवढं लिहिलंय आन् एवढंच?”

“हो. तेच परत परत लिहिलंय.”

हे मी म्हणाले होते, मामा. तुम्हाला आठवत असेल की नाही माहीत नाही. मला तुमचा आवाज आणि माझा आवाज, दोन्ही आठवतात. पुढच्या ओळींत काय होतं ते आता सांगते. गरम पाण्यात धुऊ नका. उन्हात किंवा तापलेल्या जागेवर वाळवू नका. सुईनं शिवू नका, आतली पिशवी फुटते. वर्षातून एकदा पाण्यात दाबून तरंगतं का ते बघा. शेवटी एक तारीख होती, आणि त्या तारखेनंतर जाकेट वापरू नका असं होतं.

सर्विसिंग मात्र सगळ्यांना कळलं. मोटारसायकलीचं करतात, विहिरीवरच्या पंपाचं करतात. तुम्ही मान डोलावलीत आणि त्याच वर्षी खंडेनवमीला, जेव्हा जो तो आपापली हत्यारं पुजतो, तेव्हा जाकेटांचंही सर्विसिंग सुरू केलंत.

मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किती आवडलं होतं मला. अंगणात चुलीवर पाण्याचा हंडा. त्यातलं कढत पाणी आणि धुण्याची पावडर घमेल्यात, आणि तुम्ही उकिडवे बसून ब्रशानं एकेक जाकेट घासताय. मामी म्हणाली, “माझं लुगडं कदी असं धुतलं न्हाई यांनी.” तुम्ही म्हणालात, “तुझ्या लुगड्यानं कुणाचा जीव वाचतोय का?” मग ती बाराही जाकेटं शिडी लावून पत्र्यावर पसरलीत. ऑक्टोबरचं ऊन. पत्र्यावर पाय टेकवत नव्हता. दिवसभरात दोनदा वर चढून तुम्ही ती उलटवलीत.

“कडक ऊन दिलं की वस्तू टिकती. गहू टिकतो, गोधडी टिकती, मग जाकेट कामून टिकणार न्हाई?”

जिथं शिवण उसवली होती तिथं दाभण आणि सुतळी घेऊन तुम्ही टाके घातलेत, घट्ट, एकसारखे, जाळ्याच्या गाठीसारखे. संध्याकाळी वल्ही, जाळं, पाना, आणि त्यांच्या शेजारी बारा जाकेटं ओळीनं. प्रत्येकाला हळदीकुंकू, प्रत्येकाच्या पट्ट्यात एक झेंडू. आणि दुसऱ्या दिवशीपासून, खेप नसेल तेव्हा, ती पुन्हा प्लास्टिकच्या पिशव्यांत. बसायला म्हणून कुणी खाली घेतलं तर तुम्ही ओरडायचात.

त्यानंतर दर खंडेनवमीला तुमचा फोन यायचा. “मॅडम, सर्विसिंग झालं बरं का.” दुसरं काही बोलायचं नसायचं. मी “हो मामा” म्हणायचे. तुम्ही ठेवायचात. मला घरातल्या घरात एवढं महत्त्वाचं दुसरं कुणी समजत नव्हतं. दरवर्षी एक फोन म्हणजे दरवर्षी एक संधी. मी ती दरवर्षी “हो मामा” म्हणून घालवली. लहान होते तेव्हा त्या ओळी विसरले होते, हे खरं आहे. पण सगळ्या वर्षांबद्दल ते खरं नाही.

औषधांचं शिकल्यावर लेबल वाचणं हेच माझं काम झालं. मेडिकलमध्ये रोज सकाळी मी फळीवरच्या बाटल्यांच्या तारखा बघते आणि बाद झालेल्या वेगळ्या काढते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आईबरोबर आले, तेव्हा नावेत तुम्ही माझ्या जाकेटाचे पट्टे बांधलेत. तुमची ती पद्धत. “श्वास घे. धर. आता सोड.” सोडला की पट्टा आवळायचा. त्या दिवशी पट्टा आवळलात आणि जाकेटाच्या आत काही तरी चुरचुरलं, वाळलेली भाकरी मोडावी तसं. मी बोटानं दाबलं. खळगा पडला तो तसाच राहिला. आतली पट्टी उलटून पाहिली. अक्षरं उन्हानं उडालेली, उरलेल्यावर हळदीचा डाग. तारखेतलं फक्त साल अर्धवट दिसत होतं. ते साल केव्हाच मागे गेलं होतं.

पलीकडच्या काठापर्यंत मी एकही शब्द बोलले नाही. तुम्हाला त्यात काही वेगळं वाटलं नसणार. तुमच्याबरोबर गप्प बसलं तरी चालायचं. अशी जागा मला दुसरीकडे कुठेच नाही. बाकी सगळे विचारतात, कामून बोलत न्हाईस. तुम्ही कधीच विचारलं नाहीत. पण त्या दिवशी विचारायला हवं होतं, मामा. मी तुमच्यावर रागावत नाही. एवढंच म्हणते आहे.

परतीच्या खेपेत नावेत आपण दोघंच होतो. मी म्हणाले, “मामा, ही जाकेटं आता बदलायला पाहिजेत. यांची तारीख गेली.”

“औषधाला तारीख असती. जाकेटाला कसली?”

“असते. लिहिलेली असते.”

“वापरलीत कुठं ती? खेपेपुरती अंगावर, मग पिशवीत. घडी मोडली न्हाई म्हण की.”

“नुसती ठेवली तरी जुनी होतात.”

तुम्ही वल्हं थांबवलंत. रागावला नव्हतात, पण मन दुखावलं होतं. “सर्विसिंग कर म्हणून तूच सांगितलं होतंस की. एक साल चुकवलं न्हाई म्या. मागं त्या शेळकेच्या पोराला बग. जाकेट होतं म्हणूनच वाचलं ना?”

जाकेटानं नाही वाचलं. तो मुलगा काठापासून दोन वल्ह्यांवर पाण्यात गेला आणि तुम्ही कपड्यांनिशी उडी टाकून त्याला मानगुटीला धरून वर काढलंत. जाकेट पुरतं भिजायच्या आत तो नावेत होता. गावानं जाकेटाला नमस्कार केला आणि तुम्हीही केलात. इतकी वर्षं घाटावर कुणाचं बरंवाईट झालं नाही, ते तुमच्या डोळ्यांमुळे आणि हातांमुळे. हे मला तेव्हाच म्हणता आलं असतं. त्याच्या पाठोपाठ दुसरंही म्हणावं लागलं असतं, की मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. म्हणून मी पाण्याकडे बघत राहिले.

थोड्या वेळानं तुम्हीच म्हणालात, “बरं, तालुक्याला अर्ज लिहून दे. इंग्रजीत लिही. मग ऐकत्यात. म्या अंगठा न्हाई, सही करतो.”

मी हो म्हणाले. गंगाखेडला आल्यावर लिहायला बसले. जाकेटं का खराब झाली, हे दुसऱ्याच वाक्यात लिहावं लागत होतं. कागद तिथंच राहिला. तुम्ही नंतर एकदाच विचारलंत, आणि मी म्हणाले, देते मामा. पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीलाही फोन आला. पण तुम्ही “सर्विसिंग झालं” म्हणाल्यावर जरा थांबलात. मला वाटतं, मी काही बोलेन याची वाट बघत होतात. ती शांतता मला अजून ऐकू येते. तुम्हाला शंका आली होती का? ती मनातच ठेवून आपण दोघंही फोनच्या दोन टोकांना घाबरून बसलो होतो का? आता हे मला कळायचा मार्ग नाही.

तर दहाव्याच्या सकाळी मी पायरीवर उभी होते आणि तुमच्या नावेत दहा माणसं, दहा चुरचुरणाऱ्या जाकेटांत. उरलेली दोन माझ्या पायाशी पडली होती. मी चिखल धुवायला वाकल्यासारखी वाकले आणि त्यातलं एक पाण्यात दाबून धरलं.

हे मला तुम्हीच शिकवलेलं होतं. विहिरीवर मला पोहायला शिकवायचा तुम्ही दोनदा प्रयत्न केलात. पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधायचात, पण बांधायच्या आधी दरवेळी तो पाण्याखाली धरून बघायचात. बुडबुडा आला की कॅन बाद, मग तो कालच आणलेला का असेना. कॅन तुम्हाला कळत होता. जाकेट तालुक्याहून आलं होतं, त्यावर इंग्रजी होतं, आणि ते इंग्रजी भाचीनं वाचलं होतं. त्याला तपासायचं तुमच्या मनातसुद्धा आलं नाही.

बुडबुडे आले. सुतळीच्या एकेका टाक्यातून एकेक, तुमच्या टाक्यांइतके एकसारखे. मी हात काढला. जाकेट वर येईल म्हणून थांबले. ते वीतभर पाण्याखाली हलत राहिलं, आणि मग हळूच पुढे सरकून अजून खाली जायला लागलं. पट्टा माझ्या हातात होता म्हणून राहिलं. मी ते ओढून वर घेतलं तेव्हा दोन हातांनी घ्यावं लागलं.

मी त्याचा पट्टा मुठीत आवळला; श्वास सोड म्हणायला तुम्ही नव्हतात. मी नावेकडे पाहिलं. संतोषदादा वल्ह्याशी बसला होता, डोक्याचं मुंडण केलेला, तुमचा मुलगा, जो परभणीत रिक्षा चालवतो आणि वर्षातून चारदा नाव हातात घेतो. त्याच्या मांडीला टेकून त्याची गौरी. सहा वर्षांची मुलगी मोठ्यांच्या जाकेटात, गुडघ्यापर्यंत नारंगी. ती जाकेटाचा वास घेत होती. “आबाच्या साबणाचा वास यायलाय,” ती म्हणाली, आणि दादानं तोंड दुसरीकडे वळवलं.

मी तेव्हाही बोलले नाही. हे मला लपवायचं नाही. मी मनात वाक्य जुळवत होते. जुळवलेलं प्रत्येक वाक्य तुमच्यावर जाऊन पडत होतं. ज्या माणसाच्या पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळं गाव ताटकळणार आहे, त्याच्याच घाटावर उभं राहून म्हणायचं, की यानं जपलेलं सगळं कुचकामी आहे? तुमची इज्जत त्या बारा जाकेटांत होती. अप्पा त्याच इज्जतीवर अजून चौघी बसवत होते. एक म्हातारी बसली. नाव एका अंगाला कलली, सगळ्या जणी “अगं बया” म्हणाल्या, आणि परत सावरली. पाणी नावेच्या काठापासून चार बोटांवर आलं होतं. रस्त्यानं, पुलावरून, जीपनं गेलं तर तासभर लागतो. तासभर उशीर एवढाच काय तो प्रश्न होता, आणि त्या एका तासासाठी मला तोंड उघडायचं होतं.

आई पुढे झाली. मामी पायरीवर उभी राहून जाकेटं देत होती. कोरं कपाळ, पण हात नेहमीसारखे भराभर चालत होते. पट्टे कसे बांधायचे हे तुमच्यानंतर तिलाच येतं. तिनं माझ्या हातातलं जाकेट ओढून घेतलं, आईच्या खांद्यावर चढवायला उचललं, आणि थांबली. त्यातून पाण्याची धार लागली होती.

“ओलं कामून झालं हे? आन् एवढं जड?”

“ओल्यानं काय होतंय, वैनी,” अप्पा म्हणाले. “पाण्यातच चाललोत की. चला, उरका.”

मामी माझ्याकडेच बघत होती. नावेतल्या बायकाही बघायला लागल्या. दादानं वल्हं काठाला टेकवलं होतं, रेटायच्या बेतात. पारावर बघत होती तशीच सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. माझा आवाज मला आधी ओळखू आला नाही, इतका तो मोठा निघाला.

“दादा, रेटू नको. गौरीला घे आणि सगळ्यांनी उतरा. ही जाकेटं तरंगत नाहीत, मी आत्ता बघितलं. मामांचं काही चुकलं नाही. त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी त्यांना अर्धंच वाचून सांगितलं.”